हायरम पर्सी मॅक्झिम

हायरम पर्सी मॅक्झिम (जन्म : २ सप्टेंबर १८६९, ब्रुकलिन, न्यू यॉर्क, मृत्यू : १७ फेब्रुवारी १९३६, ला हुंटा, कोलोरॅडो) हे अमेरिकन अभियंते, संशोधक, लेखक आणि हौशी रेडिओ चळवळीचे एक प्रवर्तक होते. बंदुकीचा आवाज कमी करणारे आणि व्यापारी पातळीवर यशस्वी ठरलेले पहिले उपकरण त्यांनी तयार केले. ते ‘मॅक्झिम सायलेन्सर’ या नावाने ओळखले जाते. अमेरिकेतील प्रारंभीच्या मोटारगाड्यांच्या विकासातही त्यांचा वाटा होता. १९१४ मध्ये त्यांनी अमेरिकन रेडिओ रिले लीग या संस्थेची सहस्थापना केली. मॅक्झिम तोफ या स्वयंचलित मशीनगनचे जनक सर हायरम स्टीव्हन्स मॅक्झिम हे त्यांचे वडील होत. वडील आणि मुलगा यांच्या नावांत साम्य असल्याने या लेखात मुलाचा उल्लेख ‘पर्सी मॅक्झिम’ असा केला आहे.

कौटुंबिक पार्श्वभूमी

पर्सी मॅक्झिम यांचे घराणे संशोधकांचे होते. वडील सर हायरम (१८४०–१९१६) हे मूळचे मेन राज्यातील सँगरव्हिल गावचे. विजेचे दिवे, वायुयंत्रे आणि वाफेची यंत्रे अशा अनेक विषयांत त्यांनी काम केले. १८८१ मध्ये ते युरोपात गेले आणि पुढे लंडन येथे स्थायिक झाले. तेथे १८८४ च्या सुमारास त्यांनी गोळीच्या उलट धक्क्याचा उपयोग करून आपोआप पुन्हा भरली जाणारी तोफ सिद्ध केली. पर्सी यांचे काका हडसन मॅक्झिम हे स्फोटक द्रव्यांचे संशोधक होते.

वडील इंग्लंडला गेल्यानंतर पर्सी आणि त्यांच्या बहिणी आई जेन बडन मॅक्झिम यांच्याजवळ अमेरिकेतच राहिल्या. त्यामुळे वडिलांचा प्रत्यक्ष सहवास त्यांना मुख्यतः बालपणीच लाभला. सर हायरम यांचा स्वभाव विक्षिप्त, विनोदी आणि हट्टी होता. त्यांच्या खोड्यांच्या आठवणी पर्सी यांनी पुढे एका पुस्तकात लिहून ठेवल्या.

आपल्याच तोफांच्या चाचण्यांजवळ वर्षानुवर्षे उभे राहिल्यामुळे सर हायरम यांची श्रवणशक्ती उतारवयात जवळजवळ नष्ट झाली होती. बंदुकीच्या आवाजाने माणसाच्या कानावर काय परिणाम होतो याचे उदाहरण अशा रीतीने या घराण्यातच होते. ज्या कुटुंबातील एका पिढीने गोळीबाराचा वेग वाढवला, त्याच कुटुंबातील पुढच्या पिढीने गोळीबाराचा आवाज कमी करण्याचा मार्ग शोधला.

शिक्षण व मोटारगाडीवरील काम

पर्सी मॅक्झिम यांनी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेच्या यांत्रिक कला विद्यालयातून १८८६ मध्ये, वयाची सतरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच, अभ्यासक्रम पूर्ण केला. काही काळ विजेच्या उद्योगात काम केल्यावर ते मॅसॅच्युसेट्समधील लिन येथील अमेरिकन प्रोजेक्टाइल कंपनीत रुजू झाले. तोफगोळे बनवणाऱ्या या कारखान्यात ते व्यवस्थापकपदापर्यंत पोचले.

१८९२ मध्ये सेलमहून लिनकडे सायकलवरून रात्री परतत असताना, घोड्याशिवाय चालणारे वाहन तयार करता येईल, हा विचार त्यांच्या मनात आला. युरोपात या दिशेने काय काम झाले आहे याची त्यांना त्या वेळी फारशी माहिती नव्हती. गॅसोलीनचा स्फोट कसा होतो हे समजून घेण्यासाठी त्यांनी तोफेच्या रिकाम्या काडतुसात गॅसोलीनचे थेंब टाकून त्यात पेटती काडी टाकण्याचा धोकादायक प्रयोग केला. त्यानंतर स्वतः बनवलेले इंजिन त्यांनी तीनचाकी सायकलीला जोडले.

या प्रयोगांमुळे १८९५ मध्ये कनेटिकटमधील हार्टफर्ड येथील पोप मॅन्युफॅक्चरिंग कंपनीने त्यांना आपल्या मोटारगाडी विभागात घेतले. कंपनीचे प्रमुख आल्बर्ट पोप सायकलींचे मोठे उत्पादक होते. गॅसोलीन इंजिनाचा आवाज, हादरे आणि धूर ग्राहक सहन करणार नाहीत या समजुतीने कंपनीने प्रथम विजेवर चालणाऱ्या ‘कोलंबिया’ गाड्यांवर भर दिला. पर्सी मॅक्झिम यांनी दोन्ही प्रकारच्या गाड्यांवर काम केले. जुलै १८९९ मध्ये कनेटिकटमधील ब्रॅनफर्ड येथे बंदिस्त धावपट्टीवर झालेली शर्यत त्यांनी कोलंबिया गाडी चालवून जिंकली. ही अमेरिकेतील अशा प्रकारची पहिली शर्यत मानली जाते.

१८९८ मध्ये त्यांचा विवाह जोसेफीन हॅमिल्टन यांच्याशी झाला. जोसेफीन या मेरीलँडचे माजी गव्हर्नर विल्यम हॅमिल्टन यांच्या कन्या होत्या. या दांपत्याला एक मुलगा आणि एक मुलगी झाली. मुलगी पर्सी मॅक्झिम ली या पुढे महिला मतदारांच्या राष्ट्रीय संघटनेच्या अध्यक्षा झाल्या.

सायलेन्सरचा शोध

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पर्सी मॅक्झिम यांनी बंदुकीच्या आवाजाकडे लक्ष वळवले. रायफल झाडली की दारूच्या ज्वलनातून निर्माण झालेला तप्त वायू गोळीमागोमाग नळीच्या तोंडातून बाहेर पडतो. या वायूचा दाब बाहेरील हवेच्या दाबाच्या कित्येक पट असतो. तो क्षणार्धात मोकळा होतो आणि त्यातून मोठा बार ऐकू येतो. मोटारीच्या इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूचा आवाजही मूलतः याच कारणाने होतो. त्यामुळे इंजिनावर काम केलेल्या अभियंत्याला हा प्रश्न परका नव्हता.

गोळी बाहेर पडताच नळीचे तोंड झडपेने बंद करावे, असा त्यांचा आरंभीचा प्रयत्न होता. मात्र सेकंदाच्या अत्यल्प अंशात उघडझाप करणारी हलती झडप व्यवहारात समाधानकारक ठरली नाही. त्यानंतर त्यांनी हलते भाग टाळून वायूलाच फिरत ठेवण्याची कल्पना स्वीकारली. स्नानाच्या टबातील पाणी मोरीतून जाताना गरगर फिरते हे पाहून ही कल्पना सुचली, असे सांगितले जाते. नळीच्या पुढे बसवलेल्या पोकळ नळकांड्यात वळणदार पडदे एकामागे एक ठेवले, तर गोळी मधल्या छिद्रांतून सरळ निघून जाते. वायू मात्र पडद्यांमध्ये अडकून भोवऱ्यासारखा फिरतो, थंड होतो आणि सावकाश बाहेर पडतो. या रचनेचे ९,१६,८८५ क्रमांकाचे अमेरिकन पेटंट त्यांना ३० मार्च १९०९ रोजी मिळाले.

या उपकरणाच्या निर्मितीसाठी त्यांनी हार्टफर्ड येथे कंपनी स्थापन केली. पुढे ती मॅक्झिम सायलेन्सर कंपनी या नावाने प्रसिद्ध झाली. सायलेन्सर टपालाने मागवता येत असे आणि अवजारांच्या दुकानांतही विकला जाई. किंमत काही डॉलर इतकीच असल्याने सामान्य नेमबाजालाही तो परवडत असे. माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या विंचेस्टर रायफलीलाही मॅक्झिम सायलेन्सर बसवलेला होता. अमेरिकन लष्करानेही स्प्रिंगफील्ड रायफलीवर या उपकरणाच्या चाचण्या घेतल्या.

रचना व टिकाऊपणा

पर्सी मॅक्झिम यांच्या उपकरणात वेळोवेळी सुधारणा होत गेल्या. त्यामागील अडचणी आजही सायलेन्सर निवडणाऱ्यासमोर असतात.

पहिली अडचण नेम धरण्याची होती. जाड नळकांडे नळीच्या टोकावर समकेंद्री बसवले, तर ते नेम धरण्याच्या माशीच्या आड येते. १९१० च्या नमुन्यात गोळीचे छिद्र मध्यभागी न ठेवता वरच्या बाजूला ठेवले गेले. त्यामुळे नळकांड्याचा बराचसा भाग नळीच्या खाली राहू लागला आणि नेमाच्या रेषेत अडथळा उरला नाही. वायू मावण्यासाठी लागणारी जागाही त्यामुळे कमी करावी लागली नाही.

दुसरी अडचण जोडणीची होती. नळीच्या तोंडाला आटे पाडून सायलेन्सर फिरवून बसवणे ही सर्वांत भरवशाची पद्धत होती. ज्या रायफलींना आटे नव्हते त्यांच्यासाठी कंपनीने वेगळे जोडभाग पुरवले. जोडणी तिरकी झाली किंवा सैल राहिली, तर गोळी पडद्याच्या कडेला घासते. त्यामुळे नेम तर चुकतोच, शिवाय उपकरण एका गोळीतच निकामी होऊ शकते. म्हणून सायलेन्सर किती काळ टिकेल हे त्याच्या धातूइतकेच जोडणीच्या अचूकपणावर अवलंबून असते.

तिसरी अडचण उष्णता आणि झीज यांची होती. नळीच्या तोंडाजवळच्या पहिल्या पडद्यावर सर्वांत तप्त वायू आणि दारूचे न जळलेले कण आदळतात. त्यामुळे सर्वाधिक झीज तेथेच होते. मॅक्झिम यांचे पडदे साच्यात दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याचे होते. त्यामुळे किंमत कमी राहिली आणि सावकाश गोळीबारासाठी ते पुरेसे ठरले. आजचे उत्पादक गंजरोधक पोलाद, निकेल व क्रोमियमयुक्त मिश्रधातू, कोबाल्टचे मिश्रधातू किंवा टायटॅनियम वापरतात. टायटॅनियम वजनाला हलके असते. परंतु अतिशय तापल्यावर त्याची झीज लवकर होते. पोलाद आणि निकेलचे मिश्रधातू जड असले तरी जलद गोळीबार अधिक काळ सोसतात. शिकारीत दिवसाला दोन-चार गोळ्या झाडणाऱ्याला हलकेपणा मोलाचा वाटतो. मैदानावर शेकडो गोळ्या झाडणाऱ्याला मात्र पहिला पडदा मजबूत असलेले जड उपकरण अखेरीस स्वस्त पडते.

चौथी अडचण अर्धस्वयंचलित रायफलींची होती. पर्सी मॅक्झिम यांच्या काळात विंचेस्टर आणि रेमिंग्टन या कंपन्यांच्या अशा रायफली बाजारात आल्या होत्या. त्यांतील रेमिंग्टनच्या ‘मॉडेल ८’ची रचना जॉन ब्राउनिंग यांची होती. हाताने बोल्ट ओढायच्या रायफलीत वायूचा दाब ओसरेपर्यंत मागची बाजू बंद राहते. अर्धस्वयंचलित रायफल मात्र झाडल्यानंतर लगेच आपोआप उघडते. सायलेन्सरने पुढे अडवलेला वायू अशा वेळी मागे फिरतो. त्यामुळे बोल्ट अधिक वेगाने मागे येतो, यंत्रणा लवकर झिजते, आत काजळी साचते आणि धूर नेमबाजाच्या तोंडावर येतो. काही आवाजही मागील बाजूने निसटतो. ज्या रचनांमध्ये नळी स्वतः मागे-पुढे सरकते, त्यांत नळीच्या टोकावर वाढलेले वजन यंत्रणेची लय बिघडवते. या कारणाने सायलेन्सरचा सर्वोत्तम परिणाम सुरुवातीपासून हाताने भरायच्या रायफलींवर दिसला. आज यावर दोन उपाय रूढ आहेत : रायफलीच्या यंत्रणेत येणारा वायू नियंत्रित करणे, आणि वायूला पुढच्या बाजूने अधिक मोकळी वाट देणारा सायलेन्सर वापरणे. अर्धस्वयंचलित रायफलीसाठी सर्वांत कमी आवाजाचा सायलेन्सर सर्वांत योग्य असेलच असे नाही, हा निष्कर्ष या अनुभवातून निघतो.

रिव्हॉल्व्हरच्या बाबतीत अडचण याहून मोठी असते. गोळ्यांचे चक्र आणि नळी यांच्यामधील फटीतून वायू आधीच बाहेर पडत असल्याने बहुतेक रिव्हॉल्व्हरवर सायलेन्सरचा फारसा उपयोग होत नाही.

आवाजाची मर्यादा

‘सायलेन्सर’ या नावामुळे हे उपकरण बंदुकीला संपूर्ण मूक करते असा समज पसरला. वस्तुस्थिती वेगळी आहे. सायलेन्सर केवळ नळीच्या तोंडातून निघणाऱ्या वायूचा आवाज कमी करतो. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर असतो. त्या काळच्या अमेरिकन लष्करी रायफलीची गोळी सेकंदाला सुमारे ८२० मीटर वेगाने जात असे. ध्वनीपेक्षा वेगवान गोळी हवेत स्वतःचा कडाका निर्माण करते आणि त्यावर सायलेन्सरचा काहीही परिणाम होत नाही. हा कडाका टाळायचा तर कमी वेगाचे काडतूस वापरावे लागते.

सामान्य रायफलीचा बार नेमबाजाच्या कानाजवळ सुमारे १६० डेसिबल असतो. चांगला सायलेन्सर त्यात वीस ते तीस डेसिबलची घट करतो. क्षणिक आवाजासाठी १४० डेसिबल ही धोक्याची पातळी मानली जाते. म्हणजे सायलेन्सरमुळे बार नाहीसा होत नाही. तो कानाला कायमची इजा करणाऱ्या पातळीच्या आसपास किंवा तिच्याखाली येतो. त्याचा मुख्य लाभ हाच आहे. यामुळेच इंग्रजी भाषेत अनेक तज्ज्ञ सायलेन्सरऐवजी ‘सप्रेसर’ म्हणजे आवाज दाबणारे उपकरण हा शब्द पसंत करतात.

वाद व कायदे

उपकरण बाजारात येताच त्याविषयी भीती व्यक्त होऊ लागली. गुन्हेगार त्याचा उपयोग करतील आणि चोरटी शिकार वाढेल, असे आक्षेप घेण्यात आले. काही अमेरिकन राज्यांनी लवकरच त्यावर निर्बंध घातले. पर्सी मॅक्झिम यांची बाजू अशी होती की, आवाज कमी झाल्यास शेजाऱ्यांना त्रास होत नाही, नवशिका नेमबाज दचकत नाही आणि रायफलीचा धक्काही कमी जाणवतो.

२६ जून १९३४ रोजी अमेरिकेत राष्ट्रीय बंदूक कायदा संमत झाला. मशीनगन, आखूड नळीच्या बंदुका आणि सायलेन्सर यांच्या निर्मितीवर व हस्तांतरणावर २०० डॉलरचा कर बसवण्यात आला आणि नोंदणी आवश्यक झाली. मंदीच्या त्या काळात हा कर सायलेन्सरच्या किमतीच्या अनेक पट होता. त्यामुळे खाजगी बाजारपेठ जवळजवळ संपली. या कायद्यावरील चर्चेचा रोख टोळीयुद्धे आणि मशीनगन यांवर होता. सायलेन्सरची चर्चा फारच थोडी झाली. हा कर नव्वदहून अधिक वर्षे त्याच आकड्यावर राहिला. २०२५ मध्ये संमत झालेल्या कायद्याने सायलेन्सरवरील कर १ जानेवारी २०२६ पासून शून्य करण्यात आला. नोंदणीची अट मात्र कायम आहे. याउलट नॉर्वे आणि फिनलंड या देशांत शिकाऱ्यांमध्ये सायलेन्सरचा वापर सर्रास होतो आणि तेथे त्याकडे मुख्यतः कान वाचवण्याचे साधन म्हणून पाहिले जाते.

पर्सी मॅक्झिम यांच्या कंपनीने काळाच्या ओघात बंदुकींकडून उद्योगांकडे मोर्चा वळवला. इंजिने, हवा दाबणारी यंत्रे आणि कारखान्यांतील वायुमार्ग यांचा आवाज कमी करणारी साधने तिने तयार केली. बंदुकीवरील सायलेन्सर आणि इंजिनाचा आवाज कमी करणारे साधन यांमागील तत्त्व एकच आहे. मराठीत ‘सायलेन्सर’ हा शब्द आज मुख्यतः मोटारसायकल आणि मोटारीच्या धुराच्या नळीसाठी रूढ आहे, हे या संदर्भात लक्षात घेण्यासारखे आहे. इंजिनांसाठी अशी साधने मात्र मॅक्झिम यांच्यापूर्वीही वापरात होती.

हौशी रेडिओ चळवळ

पर्सी मॅक्झिम यांना बिनतारी संदेशवहनाची आवड होती. १९१४ मध्ये हार्टफर्डहून मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे संदेश पाठवताना त्यांच्या केंद्राची शक्ती अपुरी पडली. वाटेतील विंडसर लॉक्स येथील हौशी केंद्राने तो संदेश पुढे पोचवला. यावरून, हौशी केंद्रांची साखळी संघटित केल्यास संदेश देशभर नेता येतील, असे त्यांच्या लक्षात आले. क्लॅरन्स टस्का या हार्टफर्डमधील तरुणासह त्यांनी त्याच वर्षी अमेरिकन रेडिओ रिले लीगची स्थापना केली. डिसेंबर १९१५ मध्ये संस्थेचे ‘क्यूएसटी’ हे मासिक सुरू झाले. त्यात ते ‘द ओल्ड मॅन’ या टोपणनावाने विनोदी लेख लिहीत आणि बेशिस्त हौशी प्रक्षेपकांना चिमटे काढत.

पहिल्या महायुद्धात अमेरिका उतरल्यावर एप्रिल १९१७ मध्ये हौशी केंद्रे बंद करण्यात आली. युद्धानंतर सरकारने रेडिओ कायमचा नौदलाकडे सोपवण्याचा विचार चालवला असता लीगने त्याला विरोध केला. ऑक्टोबर १९१९ मध्ये हौशी प्रक्षेपणास पुन्हा परवानगी मिळाली. डिसेंबर १९२१ मध्ये लीगने पाठवलेल्या पॉल गॉडली यांनी स्कॉटलंडमधील आर्ड्रोसन येथे अमेरिकन हौशी केंद्रांचे संदेश ऐकले. नोव्हेंबर १९२३ मध्ये अटलांटिक महासागरापलीकडील हौशींशी दुतर्फा संपर्क साधण्यात यश आले. १९२५ मध्ये पॅरिस येथे आंतरराष्ट्रीय हौशी रेडिओ संघ स्थापन झाला आणि पर्सी मॅक्झिम त्याचे पहिले अध्यक्ष झाले. भारतातील ॲमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया ही संस्थाही या संघाची सदस्य आहे.

अन्य कार्य व लेखन

१९२६ मध्ये त्यांनी हौशी चित्रपटकारांसाठी ॲमॅच्युअर सिनेमा लीग स्थापन केली. घरगुती चित्रीकरणासाठी सोळा मिलिमीटरची फिल्म नुकतीच बाजारात आली होती. रेडिओप्रमाणेच येथेही, विखुरलेल्या हौशी लोकांना एकत्र आणून त्यांचे काम एकमेकांपर्यंत पोचवणे हा त्यांचा हेतू होता. खगोलशास्त्राचीही त्यांना आवड होती. विश्वातील जीवसृष्टीचे स्थान या विषयावरील त्यांचे पुस्तक १९३३ मध्ये प्रसिद्ध झाले. वडिलांच्या आठवणींचे ‘अ जीनियस इन द फॅमिली’ हे पुस्तक १९३६ मध्ये, तर मोटारगाडीच्या आरंभकाळावरील ‘हॉर्सलेस कॅरेज डेज’ हे पुस्तक मृत्यूनंतर १९३७ मध्ये प्रकाशित झाले. पहिल्या पुस्तकावर आधारित ‘सो गोज माय लव्ह’ हा चित्रपट १९४६ मध्ये प्रदर्शित झाला.

मृत्यू व वारसा

फेब्रुवारी १९३६ मध्ये कॅलिफोर्नियाकडे रेल्वेने जात असताना पर्सी मॅक्झिम आजारी पडले. त्यांना कोलोरॅडोमधील ला हुंटा येथे उतरवून रुग्णालयात दाखल करण्यात आले. घशाच्या संसर्गामुळे १७ फेब्रुवारी रोजी त्यांचे निधन झाले. मेरीलँडमधील हॅगर्सटाउन येथे त्यांचे दफन करण्यात आले. त्यांचे ‘डब्ल्यू वन ए डब्ल्यू’ हे रेडिओ संकेतनाम पुढे लीगला देण्यात आले आणि कनेटिकटमधील न्यूइंग्टन येथील स्मारक केंद्र १९३८ पासून त्याच नावाने प्रक्षेपण करते.

पर्सी मॅक्झिम यांच्या कामांपैकी रेडिओ संघटनेला सर्वत्र मान मिळाला. सायलेन्सरच्या वाट्याला मात्र दीर्घकाळ संशय आला. चित्रपट आणि गुप्तहेरकथांनी निःशब्द पिस्तुलाची प्रतिमा रूढ केली आणि उपकरणाचे खरे स्वरूप तिच्याआड झाकले गेले. श्रवणहानीविषयीची जाणीव वाढल्यानंतर या उपकरणाकडे नव्याने पाहिले जाऊ लागले. आजचे सायलेन्सर धातू, यंत्रकाम आणि अचूकता यांत मॅक्झिम यांच्या नमुन्यापेक्षा बरेच पुढे गेले आहेत. तथापि पडद्यांमध्ये वायू अडवून त्याला हळूहळू बाहेर सोडण्याचे १९०९ च्या पेटंटमधील मूळ तत्त्व त्यांतही टिकून आहे.